किन्नरची बाजू

फ्लेक्सवरचा 'कॅप्टन' हा शब्द दिपमालाच्या डोक्यापेक्षा मोठा होता. त्याला जागा करून देताना फ्लेक्सवाल्याने तिचं डोकं खाली सरकवलं होतं, त्यामुळे तिची हनुवटी थेट 'शुभेच्छुक' या ओळीवर टेकली होती. शुभेच्छुक एकूण एकोणीस. त्यांतल्या अठरा जणांनी विमान आजवर मान वर करूनच पाहिलेलं. एकोणिसावा मगनकाका. तो एकदा बसला होता आणि उलट्या करत उतरला होता.

फ्लेक्सची कल्पना त्याचीच. नुसता फ्लेक्स लावून त्याचं समाधान झालं नाही. फोटोत दिपमालाच्या खांद्यावर तीन सोनेरी पट्ट्या होत्या, त्याने चौथी रंगवून घेतली.

"चार पट्ट्या कॅप्टनच्या असतात," तो जळगावच्या घरासमोर शिडी धरून उभा राहून सांगत होता. "हिला आज-उद्या मिळणारच आहे. एका पट्टीसाठी फ्लेक्स दोनदा कशाला छापायचा?"

अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. भदाण्यांच्या घरात तर अर्धं हळकुंडही लागत नसे, नुसत्या वासावर काम भागायचं. दिपमालाला विमान चालवायचा परवाना मिळाला त्या दिवसापासून सगळं खानदान तिला कॅप्टन म्हणत होतं. ती फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे कॅप्टनच्या शेजारची, हाताखालची पायलट, हे तिने पहिल्या वर्षी दहा वेळा सांगितलं. दुसऱ्या वर्षी तीनदा सांगितलं. तिसऱ्या वर्षी गप्प बसली. तिथेच चुकलं.

शुक्रवारी तिच्या कंपनीचा ई-मेल आला होता. छोट्या शहरांना जोडणारी छोटी कंपनी, सत्तर माणसांची पंख्यावाली विमानं. कंपनीने सहा नवी विमानं घेतली होती आणि तिचे निम्मे कॅप्टन मोठ्या कंपन्यांनी पळवले होते. कालपर्यंत कॅप्टन व्हायला अडीच हजार तास लागत, शुक्रवारपासून अठराशे पुरणार होते. दिपमालाचे अठराशे चाळीस झाले होते. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत होकार द्यायचा, म्हणजे पुढच्या आठवड्यात कॅप्टनचं प्रशिक्षण सुरू. नकार दिला तर नाव यादीच्या तळाला, आणि मागचे पुढे.

ही बातमी तिने फक्त वडिलांना सांगितली. ज्ञानेश्वर टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं बंद पाकिटात पोहोचवली, पण घरातली एक गोष्ट त्याच्या पोटात तासभर राहिली नाही. त्याने मगनला सांगितलं, मगनने धुळ्याला बहिणीला, हेमलताला, आणि रविवारी दुपारी धुळ्याहून तीन गाड्या भरून माणसं जळगावला भरीत खायला आणि सत्कार करायला हजर झाली.

फक्त दिपमालाने अजून होकार दिला नव्हता, एवढीच एक बारीक गोष्ट राहिली होती.

*

मागच्या अंगणात चिंधा वांगी भाजत होता. भदाणे रोडलाइन्स या घरच्या ट्रक-कंपनीचा सगळ्यात जुना माणूस. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. जयपूरचा पाय काढून त्याने भिंतीला टेकवून ठेवला होता आणि कपाशीच्या काड्यांच्या जाळासमोर बसून तो एकेक वांगं फिरवत होता. घरात कार्य कुठलंही असो, भरीत चिंधाच्याच हातचं लागे. त्याला जेवायला मात्र मागच्या ओट्यावर वाढत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, हीच त्यातली वावगी गोष्ट.

"चिंधा, उरक. पाहुणे खोळंबलेत," मगनने खिडकीतून हाक दिली.

"वांगं काय तुमनी घाई देखीसन भाजाई जास का, मगनशेठ?" चिंधाने मान वर न करता म्हटलं.

मगनने ऐकलं नाही. चिंधाचं बोलणं त्याच्या कानात शिरत नसे, गेल्या छत्तीस वर्षांपासून.

स्वयंपाकघरात हेमलताआत्या कळण्याच्या पुऱ्या लाटत होती, म्हणजे दिपमालाची आई रोहिणीवहिनी लाटत होती आणि हेमलता तिला लाटणं कसं धरावं ते सांगत होती. हेमलता लग्न होऊन धुळ्याला गेली तशी तिथल्या निम्म्या सोयरिकी तिने जुळवल्या होत्या. त्यांतल्या किती टिकल्या, हे ती सांगत नसे.

"नाशिकचं स्थळ आहे," ती म्हणाली. "मुलगा डॉक्टर. मी त्यांना सांगितलं, पोरगी कॅप्टन आहे."

"अहो अक्का, पण ती अजून..."

"अजून काय? आज सहा वाजता होईल. मी चार वाजता सांगितलं. दोन तासांनी काय बिघडतं?"

रोहिणीने पुरी तेलात सोडली. तिला वाटत होतं की पोरीच्या डोळ्याला दोन दिवस झोप नाही. पण हेमलतासमोर असं काही बोललं की ते उलटून परत येतं, हे ती तीस वर्षांत शिकली होती.

"तिला थोडं थांबायचंय म्हणते," रोहिणी हळूच म्हणाली.

"थांबायचंय?" हेमलताने कमरेवर हात ठेवले. "आणि तो रावेरचा बबलू? केळीवाल्या महाजनांचा? हिच्या मागून पंधरा दिवसांनी लागला तो. त्याने शुक्रवारीच होकार दिला म्हणे. उद्या तो कॅप्टन आणि आपली पोर त्याच्या बाजूला बसून त्याला 'येस सर' म्हणणार? महाजनांची गाडी कधी आपल्या गाडीच्या पुढे गेली का गं रस्त्यावर?"

रोहिणीला रस्त्यावरच्या गाड्यांचं काही ठाऊक नव्हतं. पण 'येस सर' हे शब्द तिलाही टोचले. पुरी उलटायची राहिली आणि एका बाजूने काळी झाली.

*

दिपमाला वरच्या खोलीत मोबाइल समोर ठेवून बसली होती. होकाराचं उत्तर शुक्रवारीच लिहून झालेलं. फक्त पाठवायचं होतं.

तिला कॅप्टन व्हायचं नव्हतं असं कुणी समजू नये. चौथी पट्टी तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. बबलू महाजनला सर म्हणण्याची कल्पनाही तिला सहन होत नव्हती. प्रशिक्षणाच्या वेळी त्याला वाऱ्याची दिशा ती दाखवायची. आणि आता तो म्हणे कॅप्टन! पण बोट पाठवण्याच्या खुणेवर नेलं की जुलै महिन्यातली एक दुपार मध्ये येई आणि बोट मागे घ्यावं लागे.

साडेचारला खालून हाक आली. बैठकीत गालिचा अंथरला होता. शाल, नारळ, बुके तयार होते. मधोमध खुर्चीवर दिपमालाचे आजोबा, लोटनआबा, बसले होते. वय त्र्याऐंशी, डोक्यावर टोपी, हात अजून स्टेअरिंग धरल्यासारखे गुडघ्यांवर. भडगावजवळच्या खेड्यातून निघालेला हा माणूस रावेरच्या केळीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. क्लीनरला ट्रकवाले किन्नर म्हणतात. आठ वर्षं किन्नर, मग ड्रायव्हर, मग मालक. दिल्लीपर्यंतच्या प्रत्येक ढाब्यावर त्यांना वस्ताद म्हणत. बाकीचं खानदान त्यांच्या त्या आठ वर्षांवर आजतागायत जेवत होतं.

आबा आलेल्यांना फ्लेक्सचाच फोटो मोबाइलवर दाखवत होते. खिडकीजवळ बसलेली दिपमाला, समोर काटे आणि दिवे.

"देखा. पोर उजवीकडे बसस. डायवरनी बाजू. तीन साल व्हयनात, पयल्या दिनपासून तिनी उजवी बाजू सोडी नही."

मंडळींनी माना डोलावल्या. उजवी बाजू म्हणजे ड्रायव्हरची, डावी किन्नरची, हे ज्याला कळत नाही तो खान्देशात ट्रकच्या धंद्यात राहत नाही. आबांनी हे भडगावात सांगितलं होतं, धुळ्याच्या ट्रक टर्मिनलवर सांगितलं होतं, जामनेरला एका लग्नात माइक हातात घेऊन सांगितलं होतं.

मगनने शाल उचलली. "आधी होकार पाठव, कॅप्टन. मग सत्कार. सगळ्यांसमोर पाठव. व्हिडिओ काढतो मी."

"काका, मी विचार करतेय."

"कसला?"

"आत्ता होऊ की एक वर्षाने होऊ, याचा."

मागून तळणाचा आवाज तेवढा येत होता.

"तास भरले ना?" मगन म्हणाला. "कंपनीच म्हणतेय ना भरले म्हणून? का तू कंपनीपेक्षा शहाणी?"

"शुक्रवारी सकाळी अडीच हजार लागत होते, काका. शुक्रवारी दुपारी अठराशे. मधल्या तीन तासांत मी काही शिकले नाही. जेवत होते."

ज्ञानेश्वर हसला. मग मगनने पाहिल्यावर गंभीर झाला. "मगन म्हणतो ते बरोबरच आहे पण," तो म्हणाला. शेवटचा जो बोलला त्याच्या बाजूला ज्ञानेश्वर असे, ही त्याची पद्धत जुनी होती.

"काय दादा, पोरीला समजवायचं सोडून हसतोस?" हेमलता स्वयंपाकघरातून दारात आली. "दिपू, बाई म्हणून घाबरतेस का? तसं असेल तर सांग. आम्ही समजू."

"बाई म्हणून कसलं, आत्या? आमच्याकडच्या सगळ्यात चांगल्या कॅप्टन बाईच आहेत. चार हजार तासांनी झाल्या."

"मग त्यांना घाई नव्हती. तुझ्या मागे बबलू आहे."

"बबलू माझ्या मागे असणं हे कॅप्टन व्हायचं कारण आहे का?"

"आहे!" मगन आणि हेमलता एकदम म्हणाले. ही भावंडं वाटणीच्या वेळी सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. बबलू महाजनने त्यांना एका क्षणात एक केलं.

आबांनी हात वर केला.

"मनाकडे कायदा एकच," आबा म्हणाले. "तीन पावसाळा किन्नर. त्याना आगोदर स्टेअरिंगले हात नही. दिपू, तुना कितला पावसाळा व्हयनात?"

"तीन, आबा."

"झालं!" मगनने टाळी वाजवली. "आबांचाच कायदा. संपला विषय."

"दुसरी गोट राहीनी," आबा म्हणाले. "तीन पावसाळा त गाढवनाबी व्हतस. माले हाई सांग, माय. तू कधी वस्तादले 'गाडी थांबाड' सांगं का? पूर शे, धुकं शे, वस्तादनी झोप उडेल नही, आनि किन्नर म्हनस, थांबाड. ज्या दिन तो थांबाड म्हनस, त्या दिन तो डायवर. मंग तास मोजू नका."

दिपमालाने आबांकडे पाहिलं. दोन दिवस ती जे चाचपडत होती ते या माणसाने शाळेत न जाता एका वाक्यात सांगितलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचा तिला रागही आला.

"नाही सांगितलं, आबा," ती म्हणाली.

"मंजे?"

"जुलैत आम्ही पावसात उतरत होतो. धावपट्टी दिसत होती, मग दिसेना. एका ठरावीक उंचीवर दिसली नाही तर विमान परत वर घ्यायचं, हा नियम. त्या उंचीवर मला दिसत नव्हती. 'वर घ्या' असं म्हणणं माझं काम होतं. शब्द तोंडात होता. आणि मी डावीकडे बघत बसले. दोन सेकंद. कॅप्टन काय करतात ते बघत. त्यांनी स्वतःच वर घेतलं. मग सगळं नीट झालं. कुणाला काही कळलं नाही. खाली उतरल्यावर ते मला 'छान' म्हणाले." ती थांबली. "त्या दिवसापासून मला माहीत आहे. मी अजून डावीकडे बघते. कॅप्टन झाले तर माझ्या डावीकडे फक्त काच असेल."

आबांच्या कपाळाला आठी पडली होती, पण वेगळ्याच कारणाने.

"डावीकडे काब्र देखस तू? डावीकडे त किन्नर बसस."

"नाही, आबा. विमानात कॅप्टन डावीकडे बसतो."

"डावीकडे?"

"हो."

"आनि उजवीकडे?"

"उजवीकडे मी."

आबांनी मोबाइल उचलला. फोटो पाहिला. डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं, मग दुसरं, आणि हसू सगळ्या बैठकीत पसरलं. तीन वर्षं, भडगाव, धुळं, जामनेर, माइक हातात घेऊन. आबा हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते.

"तीन साल," ते म्हणाले. "तीन साल मी बठ्ठास्ले सांगं, पोर डायवर शे. आनि ती किन्नरनी बाजूले?"

"मी सांगायला हवं होतं, आबा. तुम्ही इतके खूश होता."

मगनला हसू आवडलं नाही. शाल अजून त्याच्या हातात होती आणि शाल हातात घेतलेला माणूस फार वेळ उभा राहिला की मूर्ख दिसतो. "अरे, बाजू कुठली का असेना!" तो ओरडला. "म्हणून तर म्हणतो, आता बाजू बदल. साधा हिशोब आहे. कंपनीकडे विमानं आली, चालवायला माणूस नाही. म्हणून तुला बोलावतात. असा मोका पुन्हा येत नाही."

"काय म्हना?" आबांनी मान वळवली.

"म्हटलं, विमानं आली, कॅप्टन नाहीत."

"गाड्या ज्यास्त आनि डायवर कमी. म्हनीसन."

"हो, मग? धंदा आहे तो."

आबांनी मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाले, "चिंधाले बलाव."

"आबा, त्याचं काय इथे? तो वांगी..."

"बलाव म्हनं ना."

*

चिंधा पाय लावून आला आणि सवयीने दाराबाहेरच उभा राहिला. हाताला राख होती. आबांनी त्याला आत बोलावलं आणि शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं. ती सत्कारमूर्तीची खुर्ची होती. चिंधा बसेना. दिपमालाने त्याचा हात धरून बसवलं.

बिजासनच्या घाटातला अपघात भदाण्यांच्या घरात सगळ्यांना पाठ होता. नवा ट्रक, उतार, ब्रेक फेल. मगन एकोणीस वर्षांचा, जिवाची पर्वा न करता गाडी डोंगराला घासून थांबवणारा. किन्नर चिंधाचा पाय गेला, दैव. मगनच्या पन्नाशीला छापलेल्या पुस्तिकेत या प्रसंगाला एक पूर्ण पान होतं आणि मगनचा फोटो होता. चिंधाचा नव्हता.

"दुसरी गाडी लिधी व्हती मी," आबा म्हणाले. कुणाशी बोलत होते ते कळत नव्हतं. "नवी कोरी. डायवर भेटेना. गाडी दारपुढे उभी. लोक हसतस, माले सहन व्हयेना. बारी चिंधानी व्हती. सहा पावसाळा किन्नर. पन तो पराया. मगन मना पोऱ्या. एकच पावसाळा व्हयेल. मी मगनले बसाडं."

"आबा, जुन्या गोष्टी," मगन म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"ब्रेक फेल नही व्हयना व्हता," आबा म्हणाले. "ब्रेक चांगला व्हता. दुसऱ्या दिन मी सोता तपासा. डायवर कच्चा व्हता. आनि कच्चाले बसाडनारा मी. तीन पावसाळाना कायदा मी त्याना नंतर करा. लोके म्हनतस, आबा कितला हुशार! हुशार काय? दुसराना पाय गया, तवय माले अक्कल उनी."

मगन भिंतीकडे पाहत होता. पंचावन्न वर्षांचा, चौदा ट्रकांचा मालक, कुठल्यातरी संघटनेचा उपाध्यक्ष. छत्तीस वर्षं कानाबाहेर ठेवलेला चिंधाचा तो आवाज आता आत शिरला होता. उताराच्या दुसऱ्या वळणावर चिंधा काय म्हणाला होता ते त्याला रोज आठवत असे. पुस्तिकेचं ते एक पान त्याने त्यावर चिकटवलं होतं, एवढंच.

"काय सांगं व्हतं रे तू त्याले, चिंधा?" आबांनी विचारलं.

चिंधाने हातावरची राख चोळली. "जाऊ द्या ना, वस्ताद."

"सांग."

"थांबाड सांगं व्हतं," चिंधा म्हणाला. "तीनदा."

"त्या दिन चिंधा डायवर व्हयना," आबा म्हणाले. "आनि त्याच दिन त्याना पाय गया."

हेमलताने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की नाशिकला काय सांगायचं याचा विचार करत होती, हे सांगणं कठीण. बहुधा दोन्ही. आलेली मंडळी गालिच्याची नक्षी पाहू लागली. सत्काराला येऊन असं काही ऐकावं लागेल, असं निमंत्रणात नव्हतं.

आणि तेव्हा ज्ञानेश्वर बोलला. कुणीही बोलायच्या आधी बोलला, हे त्याच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं.

"दिपू, तुला नाही म्हणायचंय ना? मग म्हण. मी आहे."

घड्याळात साडेपाच झाले होते. दिपमालाने मोबाइल घेतला. लिहिलेला होकार पुसला. 'यंदा नको. आणखी एक पावसाळा उजवीकडून उडू द्या, मग विचारा,' अशा अर्थाच्या दोन ओळी कंपनीच्या इंग्रजीत लिहिल्या आणि पाठवल्या. बोट मागे आलं नाही. बबलूचा चेहरा डोळ्यांसमोर आला तेव्हा तिने दात आवळले. ते दुःख खरं होतं आणि ते पुढचं वर्षभर, कदाचित त्याहून जास्त, पुरणार होतं.

"वर्षाने तरी नक्की घेतील का?" रोहिणीने विचारलं.

"माहीत नाही, आई."

आबा तिच्याकडे पाहत होते. "बठ्ठं खानदान म्हनस 'चाल', आनि तू 'थांब' सांगं," ते म्हणाले. "हाई शिकनी तू आज."

"मग आता व्हायला हरकत नाही ना?" हेमलताने पदर खाली घेऊन ताबडतोब विचारलं. "तुमचाच कायदा आहे, आबा. पाठव परत. सहा वाजायचेत अजून."

या बाईचं खरंच कौतुक करावं.

"आत्या," दिपमाला म्हणाली, "घरात बसून म्हणणं सोपं आहे. विमानात म्हणू दे एकदा."

भरीत वाढलं गेलं. मगनच्या घाईने मधूनच उतरवलेली चार वांगी कच्ची राहिली होती, ती नेमकी त्याच्याच पानात आली. त्याने मुकाट्याने खाल्ली. नंतर ताट घेऊन तो उठला आणि मागच्या ओट्यावर गेला, जिथे चिंधा पुन्हा जाऊन बसला होता. दोघे काही बोलले का, कुणी ऐकलं नाही. पण मगनचं ताट तिथेच राहिलं आणि मगनही बराच वेळ तिथेच राहिला.

फ्लेक्स दोन दिवस तसाच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी 'कॅप्टन' शब्दावर कुणीतरी पांढरा कागद चिकटवला. चौथी पट्टी मात्र झाकायची राहिली.

*

बुधवारी दुपारी दिपमालाचं विमान जळगावला येऊन परत जाणार होतं. आबा म्हणाले, बघायला जाऊ. मगनने गाडी काढली. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या डावीकडे, आबा नेहमी स्वतः बसत. त्या दिवशी ते मागे बसले आणि पुढे चिंधाला बसवलं.

विमानतळाच्या कुंपणाबाहेर दहा-वीस माणसं उभीच असतात. कुणाची पोरं विमान बघायला आलेली, कुणी म्हैस चारायला आलेलं. आबांना त्यांतले दोघे-तिघे ओळखत होते. तीन वर्षांत त्यांनी इथे कमी व्याख्यानं दिली नव्हती.

विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळलं. पंखे जोरात फिरू लागले. पुढच्या काचेत दोन डोकी दिसत होती, दोन्ही सारखी.

"आबा, तुमनी नात ना हाई?" म्हैसवाल्याने विचारलं. "तीच चालाडस ना?"

मगनने मान खाली घातली. आता आबा काय सांगतात याची त्याला भीती वाटली. छाती पुढे काढून खोटं सांगतील, नाहीतर लाजून गप्प बसतील.

आबांनी टोपी नीट केली. छाती पुढे आलीच.

"नही," ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "ती किन्नरनी बाजूले शे. आजून शिकी राहीनी."

विमान धावू लागलं. त्यांच्यासमोरून गेलं, चाकं सुटली, आणि ते वर चढलं. म्हैसवाला जरा खट्टू झाला होता. कुंपणाला धरून उभा असलेला चिंधा मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिला.

"आजून शिकी राहीनी ना? मंग पोहची," तो म्हणाला.